ट्रेलरवरून आलेली गाडी ताब्यात घेताना: ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली होऊन बंगळुरू, दिल्ली किंवा हैदराबादहून इकडे येणारी मंडळी गाडी बहुतेक वेळा कार कॅरियरवर चढवून देतात आणि स्वतः विमानाने किंवा रेल्वेने येतात. आठ-दहा दिवसांनी फोन येतो, "सर, गाडी आली, घेऊन जा." त्या फोननंतरच्या अर्ध्या तासात काय करायचं, यासाठी हे पान आहे. मी ठाणे-पनवेल पट्ट्यात गाड्या तपासून देण्याचं काम करतो. लोक मला जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक दावे बुडाले ते डिलिव्हरीच्या कागदावर शेरा न लिहिता सही केल्यामुळे. नुकसान मोठं होतं की छोटं, याचा त्यात फारसा संबंध नव्हता.

ट्रेलर घरापर्यंत येतो का?

क्वचितच. सहा-आठ गाड्यांचा लांबलचक कंटेनर खारघरच्या सेक्टरमधल्या रस्त्यावर किंवा घोडबंदर रोडच्या आतल्या सोसायट्यांपर्यंत वळत नाही. शिवाय शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश असतो. त्यामुळे दक्षिणेकडून आणि पुण्याकडून येणारी गाडी बहुधा कळंबोली-तळोजा भागात उतरवतात. उत्तरेकडून आणि नाशिककडून येणारी भिवंडीला माणकोली, अंजूरफाटा अशा ठिकाणी उतरते. तिथून त्यांचा माणूस ती चालवत तुमच्या दारात आणतो.

हा शेवटचा टप्पाच सर्वांत जास्त वादाचा. शिळफाट्याच्या किंवा कापूरबावडीच्या कोंडीत बंपरला कोणी घासलं, तर ते ट्रेलरवर झालं की रस्त्यावर, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. ट्रेलरवाला लोकल ड्रायव्हरकडे बोट दाखवतो आणि लोकल ड्रायव्हर ट्रेलरवाल्याकडे. शक्य असेल तर यार्डात स्वतः जा, गाडी उतरताना पाहा आणि तिथेच ताब्यात घ्या. जाणं जमत नसेल तर गाडी उतरल्या उतरल्या चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो मागवून घ्या. फोटो आल्यावरच गाडी हलवायला सांगा.

रात्री दहा वाजता गाडी आणतो म्हणतात. घ्यावी का?

जमत असेल तर सकाळची वेळ मागा. सोसायटीच्या बेसमेंटमधल्या मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली पत्र्याचे पोच (डेंट) दिसत नाहीत, हलके ओरखडे तर अजिबात नाहीत. ड्रायव्हरला पुढची ट्रिप असते, त्यालाही घाई असते. रात्रीच घ्यावी लागली तर त्याला जवळच्या पेट्रोल पंपावर भेटायला सांगा. पंपाच्या छताखालचा पांढरा, सगळीकडून पडणारा उजेड तपासणीला उत्तम. तेही शक्य नसेल तर पीओडीवर, म्हणजे डिलिव्हरीच्या कागदावर, लिहा, "रात्री अपुऱ्या उजेडात ताबा घेतला, सकाळी पुन्हा तपासणी करून कळवणार." या वाक्याने सगळा प्रश्न सुटत नाही, पण सकाळी पाठवलेल्या फोटोंना त्यामुळे आधार मिळतो.

पीओडी म्हणजे काय? त्यावर सही केली तर एवढं काय बिघडतं?

गाडी चढवताना मिळते ती एलआर, म्हणजेच बिल्टी. उतरवताना तुमची सही घेतात ती पीओडी, माल पोचल्याचा पुरावा. त्यावर बरेचदा आधीच छापलेलं असतं की माल सुस्थितीत मिळाला. त्याखाली नुसती सही केली की तुम्ही ते मान्य केलंत, असाच अर्थ पुढे लावला जातो.

रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी आपल्याकडे २००७ चा कॅरिज बाय रोड कायदा आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्यात ग्राहकाच्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे. वाहतूकदाराने निष्काळजीपणा केला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. पण गाडी देताना धड होती आणि मिळताना बिघडलेली होती, एवढं तरी दाखवावं लागतंच. पिकअपचे, म्हणजे गाडी सोपवताना काढलेले फोटो पहिला भाग दाखवतात आणि पीओडीवरचा शेरा दुसरा. यातलं एक जरी नसलं तरी तुमची बाजू लंगडी पडते.

नेमकं कुठे पाहायचं? मला गाड्यांतलं फारसं कळत नाही.

कळण्याची गरज नाही, सावकाश पाहण्याची आहे. वीस मिनिटं लागतील. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवा, चहा-पाणी विचारा, म्हणजे मागे उभं राहून "झालं का साहेब" सुरू होत नाही.

ट्रेलरवर गाडीला कुठे लागतं, हे माहीत असलं की नजर आपोआप तिथे जाते. चढण-उतरणीला रॅम्पचा कोन तीव्र असतो, म्हणून पुढच्या बंपरचा खालचा ओठ आणि त्यामागचं प्लॅस्टिकचं आवरण घासतं. खाली वाकून हात फिरवा, क्लिपा तुटल्या असतील तर ते लोंबत असतं. बंद कंटेनरमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम जागा असते. गाडी आत लावून ड्रायव्हर कसाबसा बाहेर पडतो, तेव्हा दाराची कड भिंतीवर आपटते. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार उघडून त्याची मागची उभी कड पाहाच. मला तिथे टवके जितक्या वेळा सापडतात तितके दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. दोन्ही आरसे दुमडून-उघडून बघा.

गाडी पट्ट्यांनी बांधतात. पट्टा टायरवरून घेतला तर ठीक, पण त्याचं लोखंडी बकल फेंडरला लागून हलत राहिलं तर प्रवासभर रंग घासत येतो. चाकांच्या कमानीवर आणि अलॉयच्या कडांवर त्याचे वळ दिसतात. पट्टा किंवा साखळी खालून सस्पेन्शनच्या दांड्यांना अडकवली असेल तर तिथे ताज्या चकाकत्या खुणा असतात. मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून तो गाडीखालून सरकवा आणि नंतर मोठं करून पाहा. झोपून बघण्यापेक्षा हे बरं.

खालच्या मजल्यावरच्या गाडीवर वरच्या गाडीचं किंवा ट्रेलरच्या हायड्रॉलिकचं तेल ठिबकतं. बॉनेटवर आणि छतावर तेलकट ठिपके आहेत का बघा. छत आपल्या नजरेत येत नाही, म्हणून मोबाइल हात उंच करून वरून फिरवा. उघड्या ट्रेलरवर वरच्या मजल्याला झाडांच्या फांद्या लागतात, दगड उडतात. पुढची काच तिरप्या नजरेने पाहा. मिरीएवढा तडा आज दिसत नाही आणि पुढे एसी लावला की लांबत जातो.

आता ओरखड्यांचं. समोर उभं राहून पाहिलं तर ते दिसत नाहीत. कासारवडवलीच्या एका सोसायटीत राखाडी सेडान आली होती. मालकांनी दोन फेऱ्या मारल्या आणि सगळं ठीक म्हणाले. मी मोबाइलचा टॉर्च मागच्या दाराला जवळजवळ चिकटवून धरला, उजेड पत्र्यावरून आडवा सरकला, आणि हँडलच्या खाली वीतभर लांब रेघ चांदीसारखी उठून दिसली. ड्रायव्हरही वाकून पाहू लागला. पोच शोधायचा असेल तर याच्या उलट करा. चार पावलं मागे या, गुडघ्यावर बसा आणि पत्र्यात पडलेलं खांबाचं किंवा ट्यूबलाइटचं सरळ प्रतिबिंब बघा. जिथे ते वाकतं तिथे पोच आहे.

शेवटी गाडी सुरू करा. डॅशबोर्डवरचे दिवे, एसी, काचा, हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा बघा. शंभर मीटर चालवा आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडा. एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेकला थरथरत असेल तर तेही लिहा.

गाडी धुळीने इतकी माखली आहे की रंगच दिसत नाही.

कोरड्या फडक्याने पुसू नका. तुमच्याच हाताने बारीक ओरखडे पडतील. बाटलीभर पाणी ओता आणि ओल्या मऊ कपड्याने फक्त बंपरचे कोपरे, दारं आणि फेंडर साफ करा. पावसाळ्यात नेमकी उलटी अडचण असते. ओल्या रंगावर ओरखडे लपतात, कारण पाणी त्यात भरून राहतं आणि सगळं चकचकीत दिसतं. जुलैत कळंबोलीच्या यार्डात गाडी घ्यायला गेलात तर दोन सुके पंचे बरोबर ठेवा, गाडी कुठल्यातरी शेडखाली घ्या आणि एकेक पॅनेल सुकवून मग बघा. आतली मॅटही उचला. खाली ओल असेल किंवा कुबट वास येत असेल तर काच किंवा दार नीट बंद नव्हतं.

गाडी मधेच कोणी चालवली असेल तर कळतं का?

मीटर सांगतो. पिकअपच्या वेळी किलोमीटरचा फोटो काढलेला असेल तर डिलिव्हरीच्या आकड्यातून तो वजा करा. यार्डातली हलवाहलव आणि घरापर्यंतचं अंतर मिळून पंधरा-वीस, फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर समजण्यासारखे आहेत. शंभराच्या पुढे गेलं तर लेखी खुलासा मागा.

फास्टॅगचे मेसेजही बघा, पण घाईने निष्कर्ष काढू नका. उघड्या ट्रेलरवर चढवलेल्या गाडीचा टॅगसुद्धा टोलनाका वाचू शकतो, म्हणून पैसे कापले गेले एवढ्यावरून गाडी चालवली असं होत नाही. मीटर आणि फास्टॅग दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच पुरावा पक्का. चढवण्याआधी टॅग झाकणं किंवा तात्पुरता बंद करणं सोयीचं.

टायर, बॅटरी, स्टेपनी बदलतात का?

रोज घडणारी गोष्ट नाही, पण घडते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३२२ असेल तर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाचही टायरांचे हे आकडे आणि बॅटरीवरचा नंबर पिकअपलाच टिपून ठेवा. जॅक, पाना, म्युझिक सिस्टीम, दुसरी किल्ली आणि पेट्रोलचा काटाही बघून घ्या.

नुकसान सापडलं. शेरा कसा लिहायचा?

मोघम लिहू नका. "गाडीला डॅमेज आहे" एवढ्याने काही हाती लागत नाही. जागा, माप आणि स्वरूप लिहा. उदाहरणार्थ: "मागचं डावं दार, हँडलखाली सुमारे २० सेमी आडवा ओरखडा, रंग खरवडलेला. पुढच्या बंपरचा उजवा कोपरा फुटलेला. पिकअपच्या फोटोंत हे नव्हतं. हक्क राखून ताबा घेत आहे." खाली तारीख, वेळ, मीटरचा आकडा, तुमची सही आणि ड्रायव्हरची सही. मराठीत लिहिलं तरी चालतं. मग त्या कागदाचा फोटो काढा. पीओडी एकदा त्यांच्याकडे गेली की तुमच्याकडे तोच उरतो. नुकसानाचे फोटो दोन अंतरांवरून घ्या. एक जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. एक लांबून, नंबरप्लेटसकट.

ड्रायव्हर म्हणतो, "शेरा लिहिला तर गाडी देणार नाही." आता?

त्याच्याशी भांडू नका. त्याला वरून तसं सांगितलेलं असतं आणि तो रोजच्या पोटापाण्यासाठी उभा असतो. तिथूनच ज्याच्याकडे बुकिंग केलंत त्याला फोन लावा. पटत नसेल तर फोटो आणि शेऱ्याचा मजकूर जागेवरूनच ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. "मला पीओडीवर शेरा लिहू दिला नाही" हे वाक्य त्यात असू द्या. मेसेजची वेळ आणि डिलिव्हरीची वेळ जुळली की हाही चांगला पुरावा ठरतो. भाड्याची बाकी अडवून धरण्याचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. बाकी थकली म्हणून गाडी अडवायला त्यांना कारण मिळतं. पैसे द्या, पण फर्मच्या खात्यावर, ड्रायव्हरच्या नंबरवर नाही. आणि पैसे दिल्याचं लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी काहीतरी दिसलं. उशीर झाला का?

अवघड झालं, पण वेळ गेलेली नाही. त्याच दिवशी कळवा. कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा करण्याआधी नुकसानाची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून, हे लक्षात ठेवा. फोनवरची बोलणी आणि "बघतो साहेब" यात पाच महिने सहज निघून जातात. बोलणी चालू असली तरी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून टाका.

विमा आहे ना! मग चिंता कशाला?

कोणता विमा, हे आधी पाहा. इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली, तुमची स्वतःची मोटार पॉलिसी. सर्वसमावेशक पॉलिसीत रस्ता, रेल्वे किंवा जलमार्गाने गाडी नेली जात असताना झालेलं नुकसानही सहसा येतं, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काही मिळत नाही. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. म्हणून चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी ५० टक्के बोनस घालवण्याआधी हिशेब करून बघा.

दुसरी, ट्रान्झिट विमा. वाहतूकदार बुकिंगला टक्केवारीने पैसे घेतो आणि "इन्शुरन्स झाला" म्हणतो. तुमच्या गाडीचा नंबर, किंमत आणि विमा कंपनीचं नाव असलेलं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी हातात हवं.

तिसरी, एफओव्ही (फ्रेट ऑन व्हॅल्यू). किमतीच्या टक्केवारीने घेतलेली ही रक्कम बिलात दिसते आणि लोकांना तो विमाच वाटतो. ती वाहतूकदाराने जोखमीपोटी घेतलेली रक्कम असते, तिच्यामागे विमा कंपनी असेलच असं नाही. प्रमाणपत्र मागितल्यावर टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

कोणताही दावा करायचा असेल तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा विम्याचा माणूस, येऊन जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. ट्रान्झिट विम्यात वाहतूकदाराकडून नुकसानाचा दाखला आणि त्याच्याकडे केलेल्या लेखी मागणीची प्रत मागतात. म्हणजे पुन्हा पीओडीवरच्या शेऱ्यापाशी येतो आपण.

बिल्टीवर "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) छापलंय. सगळं संपलं?

नाही. वाहतूकदार एवढ्याने हात वर करू शकत नाही. मात्र भरपाईला मर्यादा आहे. जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल तर २०११ च्या नियमांप्रमाणे जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडं १२,००० असेल तर कमाल १,२०,०००. बंपर-दारासाठी ते पुरतं. गाडीचा चक्काचूर झाला तर पुरत नाही. म्हणून बुकिंगला गाडीची किंमत खरी लिहा. विम्याचे चार पैसे वाचवायला निम्मी किंमत लिहिणारे नंतर निम्म्यावरच अडकतात.

ते म्हणतात, "आमच्या माणसाकडून टचअप करून देतो."

छोट्या टवक्यासाठी हरकत नाही, पण लेखी घ्या. कोणत्या गॅरेजमध्ये, कोणते भाग, किती दिवसांत. रस्त्याकडेला स्प्रे मारून दिलेला रंग उन्हात वेगळा दिसू लागतो. डिलिव्हरीआधीच कोणी असा उद्योग केला नाही ना, तेही बघा. रबरी पट्ट्यांच्या कडेला रंगाचे शिंतोडे, ताज्या रंगाचा वास किंवा एकाच पॅनेलचा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत दिसला तर ते शेऱ्यात घ्या.

बाईकसाठी वेगळं काय?

हँडल सरळ आहे का, ब्रेक-क्लचचे लिव्हर वाकलेत का, टाकीला पोच, सायलेन्सरची बाहेरची बाजू, इंडिकेटर. पुढचे शॉक पट्ट्याने फार आवळून बांधले असतील तर ऑइल सील फुटतं. पुढचा ब्रेक धरून दोन-तीनदा दाबा आणि नळीवर तेलाची ओल येते का बघा. पॅकिंग उघडण्याआधी आणि उघडताना व्हिडिओ घ्या.

बाईक रेल्वे पार्सलने आली आहे.

तिथले नियम वेगळे. पॅकिंग फाटलेलं किंवा भाग तुटलेले दिसले तर पार्सल ऑफिसात ओपन डिलिव्हरी मागा, म्हणजे रेल्वेच्या माणसासमोर तपासून नोंद होते. भरपाईच्या दाव्यासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. गाडी पडून राहिली तर व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं शुल्क, चढतं, म्हणून पार्सल आल्याचं कळलं की लगेच जा. टाकी रिकामी केलेली असते, बाटलीत थोडं पेट्रोल नेऊन तिथे भरू नका, गाडी ढकलत पंपापर्यंत न्या.

गाडीत ठेवलेलं सामान गेलं.

बहुतेक करारांत गाडीत सामान ठेवायला मनाई असते आणि विम्यातही ते येत नाही. भांडी-पुस्तकांची खोकी डिकीत भरणं टाळा.

तक्रार कुठे करायची?

आधी लेखी नोटीस. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, किरकोळ रकमेचे वाद बऱ्याचदा इथेच मिटतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वाहतूकदाराचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. भाड्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. विमा कंपनीने दावा नाकारला असेल तर विमा लोकपालांकडे जाता येतं.

मी ऑफिसला असेन. वॉचमन किंवा आईबाबांनी गाडी घेतली तर?

वॉचमनने नको. तो बिचारा सही करून किल्ली ठेवून देईल आणि त्याला कोणी दोष देऊ नये. घरातलं कोणी घेणार असेल तर वाहतूकदाराला तसं नावासह आधी मेसेज करा, पिकअपचे फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवा आणि तपासणी संपेपर्यंत व्हिडिओ कॉलवर राहा. शेऱ्याचा मजकूर तुम्ही सांगा, त्यांनी कागदावर उतरवावा. बाबांना टॉर्च आडवा धरायला सांगा आणि ड्रायव्हरच्या दाराची कड पहिल्यांदा दाखवायला सांगा.